होती तशी म्हणजे कधी होती तशी?

आमच्या तालुक्याच्या कोर्टाची जुनी इमारत दगडी आहे. वारस दाखल्यासाठी दोन वर्षं तिथे खेटे घातले, त्यामुळे तिची माझी चांगली ओळख झाली. मधेच तिची डागडुजी निघाली. व्हरांड्याचे पत्रे बदलले, काळ्या दगडाला मोतिया रंगाचा ऑइलपेंट फासला (हो, दगडाला), आणि प्लायवूडचं खोटं छत काढलं तर वर सागवानी कैच्या जशाच्या तशा निघाल्या. त्या दिवशी बाररूममध्ये दुसरा विषय नव्हता. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "आता सगळी इमारतच होती तशी करा." कोपऱ्यातल्या एका ज्युनियरने विचारलं, "होती तशी म्हणजे कधी होती तशी, साहेब?" सगळे हसले, चहा आला, पुकारा झाला आणि विषय तिथेच राहिला.

माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. कारण कोणत्याही जीर्णोद्धाराचा खरा प्रश्न तोच असतो. चुना, विटा, लाकूड, निधी हे सगळं नंतर. आधी साल ठरवावं लागतं. बांधली त्या सालासारखी करायची? सर्वांत देखणी होती त्या सालासारखी? देवळाचं किंवा वाड्याचं असेल तर या प्रश्नाचं काहीही उत्तर दिलं तरी चालून जातं. कोर्टाचं तसं नाही. कोर्टात माणसांचे निकाल लागलेले असतात, आणि त्यांतले काही चुकलेले असतात. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या कोर्टाच्या हातून मोठा अन्याय झाला, त्याचा जीर्णोद्धार करताना उद्घाटनाच्या दिवसापर्यंत मागे जाऊ नये, अन्यायाच्या दिवसापर्यंत जावं. हे बोलायला सोपं आहे. पण अमेरिकेतल्या एका अगदी लहान गावाने ते करून दाखवलं आहे.

गावाचं नाव समनर. मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागात टॅलहॅची नावाची कौंटी आहे; कौंटी म्हणजे आपल्या तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. मधून टॅलहॅची नदी वाहते आणि कौंटीला मुख्यालयं दोन आहेत: एका बाजूला चार्ल्सटन, दुसऱ्या बाजूला समनर. त्यामुळे कोर्टंही दोन. समनरचं कोर्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बांधलेलं. विटांचं, जाड कमानींचं, कोपऱ्यात घड्याळाचा मनोरा. अमेरिकेच्या लहान गावांत चौकाच्या मधोमध असं एक कोर्ट असतंच, आणि भोवती दुकानं. २०२० च्या जनगणनेत समनरची वस्ती तीनशेच्याही आत होती. इतक्या लहान गावातल्या इमारतीची दखल देशाने घ्यावी असं तिच्या कमानींत काही नाही. दखल घेतली गेली ती सप्टेंबर १९५५ मधल्या पाच दिवसांमुळे.

एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून सुट्टीत मिसिसिपीतल्या नातेवाइकांकडे आला होता. मनी नावाच्या खेड्यातल्या एका किराणा दुकानात तो दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी काहीतरी 'वावगं' वागला, असा आरोप झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम या दोघांनी त्याला आजोबांच्या नात्यातल्या मोझेस राइट यांच्या घरातून बंदूक दाखवून उचललं. तीन दिवसांनी टॅलहॅची नदीत प्रेत सापडलं. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगच्या यंत्राचा पंखा बांधलेला, वजन सुमारे ७० पौंड, म्हणजे तीस-बत्तीस किलो. विदर्भातल्या वाचकाला जिन म्हणजे काय ते सांगायला नको. तोही कापसाचाच मुलूख. मुलाची आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचं काय केलंय ते सगळ्यांनी पाहावं, हा तिचा हट्ट. हजारोंनी पाहिलं.

खटला समनरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात चालला. १९ ते २३ सप्टेंबर. त्या दालनाची वर्णनं वाचताना मला आमच्या तालुक्याचं कोर्ट आठवत राहिलं: उकाडा, छताला घरघरणारे दोन पंखे, दाटीवाटी, न्यायाधीशांनी दिलेली कोट काढायची मुभा. आरोपींची लहान पोरं बाकांमधून खेळत होती. गोऱ्या बातमीदारांना पुढे जागा. कृष्णवर्णीय बातमीदारांसाठी बाजूला एक पत्ते खेळायचं घडीचं टेबल टाकलेलं, आणि मिशिगनमधून निवडून आलेले काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज हेही त्याच टेबलापाशी. देशाच्या संसदेचा सभासद, पण या दालनात त्याची जागा त्याच्या कातडीने ठरवलेली. गावात पाच वकील होते. पाचही आरोपींच्या बाजूने उभे राहिले.

ज्युरीत बारा जण. सगळे गोरे, सगळे पुरुष. हे योगायोगाने घडलं नव्हतं. ज्युरीची नावं मतदारयादीतून निघत. कौंटीत निम्म्याहून कितीतरी जास्त लोक कृष्णवर्णीय होते आणि यादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. बायकांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीत बसताच येत नव्हतं. म्हणजे पहिला साक्षीदार कठड्यात उभा राहण्याआधीच निकाल अर्धा लागलेला होता.

तरीही साक्ष झाली. मोझेस राइट, वय चौसष्ट, दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने कापूस करणारा माणूस. सरकारी वकिलाने विचारलं, त्या रात्री घरात आलेला माणूस इथे आहे का? ते खुर्चीतून उठले आणि हात लांब करून मायलमकडे बोट दाखवलं. छायाचित्रं घ्यायला मनाई होती. त्याच टेबलावर बसलेल्या अर्नेस्ट विदर्स या छायाचित्रकाराने ती मनाई मोडून तो क्षण टिपला. मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने भर कोर्टात गोऱ्या माणसाकडे बोट दाखवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या माणसाने पाटलाविरुद्ध साक्ष दिल्याचं ज्यांनी पाहिलंय त्यांना बरोबर कळेल. खटला संपला आणि राइट मिसिसिपी सोडून गेले.

बचावाच्या भाषणात ज्युरीला त्यांच्या अँग्लो-सॅक्सन रक्ताची आठवण करून देण्यात आली. ज्युरी आत गेली आणि ६७ मिनिटांत 'निर्दोष' सांगत बाहेर आली. त्यांच्यातल्या एकाने नंतर सांगितलं की सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता. चार महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, दोघा आरोपींनी 'लुक' नियतकालिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापून दिली. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग पन्नास वर्षं गावाने तोंड उघडलं नाही. खटल्याच्या कामकाजाची प्रतही नाहीशी झाली. २००४ मध्ये एफबीआयने प्रकरण पुन्हा हातात घेतलं, त्यानंतर एक फिकट झालेली प्रत सापडली. रोजनामा जपणं हे कोर्टाचं पहिलं काम, आणि या कोर्टाला आपल्या सर्वांत गाजलेल्या खटल्याचा कागद जपता आला नाही. इमारतही थकत चालली होती. १९७० च्या दशकात आतून बरेच बदल झाले, त्या काळच्या आवडीप्रमाणे. आपल्याकडच्या प्लायवूडच्या छताचे भाऊबंदच ते.

२००६ मध्ये कौंटीच्या मंडळाने एमेट टिल स्मृती समिती नेमली. पुढाकार जेरोम लिटल यांचा. ते त्या मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. समितीत गोरे आणि कृष्णवर्णीय निम्मे निम्मे. आता एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही: सगळे एकाच हेतूने जमले नव्हते. कुणाला मुलाची आठवण जपायची होती, कुणाला मोडकळीला आलेलं कोर्ट वाचवायचं होतं. कोर्ट गेलं असतं तर चौकातली दुकानंही गेली असती. गरीब कौंटी, तिजोरीत खडखडाट. या आठवणीमुळे दुरुस्तीला पैसा मिळू शकतो, हे सगळ्यांना दिसत होतं. यावर काही जण नाक मुरडतात: मेलेल्या पोराच्या नावावर इमारत रंगवून घेतली म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीच्या फरशीवर नाव यावं म्हणून देणगी देणारे कमी आहेत का? पायरी तरी होते ना. शुद्ध हेतूची वाट पाहत बसलो तर छत आधी कोसळतं.

पण समितीने दुरुस्तीच्या आधी एक काम केलं, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा. २ ऑक्टोबर २००७ रोजी कोर्टासमोर टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत एक निवेदन वाचलं गेलं. हा न्यायाचा भयंकर विपर्यास होता असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे, आणि कुटुंबाला उद्देशून खेद व्यक्त केला आहे. शब्दांवर समितीत घासाघीस झाली होती. ज्या गोऱ्या सभासदांनी स्वतः काही केलं नव्हतं, त्यांना माफी मागणं जड जात होतं. मराठी माणसाला ही अडचण समजायला हरकत नाही. खंत, खेद, दिलगिरी, माफी: या चार शब्दांमधली अंतरं आपण रोज वापरतो. खोदलेल्या रस्त्यावर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' लिहिणारे आपण, खरी क्षमा मागायची वेळ आली की 'भावना दुखावल्या असल्यास' म्हणतो. समनरच्या निवेदनात ते 'असल्यास' नाही.

मग दुरुस्ती. दालन कोणत्या सालासारखं करायचं? दोन सोपी उत्तरं हाताशी होती. इमारत उभी राहिली त्या काळासारखं: सुंदर, निष्पाप, विटांचा नवा तजेला असलेलं. किंवा आजच्या सोयीचं. त्यांनी साल निवडलं १९५५. ज्या सालाची गावाला पन्नास वर्षं लाज वाटली, तेच. २०१५ च्या वसंतात दालन पुन्हा उघडलं आणि तिथे त्या पाच दिवसांसारखं रूप परत आलं. महत्त्वाचं म्हणजे ते संग्रहालय झालं नाही. दोरी बांधून 'हात लावू नये' असं केलं नाही. तिथे आजही कोर्ट भरतं. माहिती केंद्र आहे ते समोर, रस्त्याच्या पलीकडे.

मला यातली धिटाई इथे दिसते. आज त्या कौंटीतला एखादा कृष्णवर्णीय तरुण कसल्याशा किरकोळ गुन्ह्यासाठी त्या दालनात उभा राहिला, तर न्यायाधीश, वकील, ज्युरी आणि तो स्वतः अशा खोलीत असतात जी 'इथे एकदा काय झालं होतं' हे प्रत्येक बाकातून सांगते. याने न्यायाधीशावर दडपण येतं, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. येऊ दे की! न्यायासनाच्या मागे आपण 'सत्यमेव जयते' लिहितो ते शोभेसाठी थोडंच लिहितो?

उलट उदाहरण फार लांब शोधावं लागत नाही. मनी या खेड्यातलं ते किराणा दुकान, जिथून सगळं सुरू झालं, आज पडक्या भिंती आणि वेलींच्या जाळीत उभं आहे. त्याला लागून एक जुना पेट्रोल पंप आहे. त्याचा मात्र झकास जीर्णोद्धार झाला, तोही नागरी हक्कांच्या इतिहासाशी संबंधित ठिकाणांसाठी राज्याने ठेवलेल्या निधीतून, दोन लाख डॉलरहून जास्त खर्चून. पंपाचा खुनाशी संबंध काय, तर शेजार. रंगवलेला पंप पाहिला की पन्नासच्या दशकातलं गोड, साधं खेडेगाव डोळ्यांपुढे येतं. पैसा आठवणीच्या नावाने आला आणि विसरण्यावर खर्च झाला. साल तेच निवडलं, १९५५ च्या आसपासचं. खोली चुकीची निवडली.

टेक्सासची गोष्ट यापेक्षा वेगळी, पण विचार करायला लावणारी. त्या राज्यात २५४ कौंट्या आहेत आणि १९९९ पासून राज्याचा इतिहास आयोग जुन्या कोर्टांच्या जीर्णोद्धाराला अनुदान देतो. सत्तरांहून जास्त कोर्टं पूर्ण दुरुस्त झाली. वॉक्सहॅची गावातलं १८९७ चं लाल-गुलाबी दगडाचं कोर्ट पाहून कुणाचंही मन हरखेल. काम उत्तम आहे, शास्त्रशुद्ध आहे. पण साल निवडताना बहुतेक वेळा कारागिराची बाजू विचारात घेतली जाते, पक्षकाराची नाही. दक्षिणेतल्या कित्येक जुन्या कोर्टांत वर गॅलरी असे आणि कृष्णवर्णीयांनी तिथेच बसायचं असे. त्या गॅलरीचं सागासारखं चकाकणारं लाकूड परत आणलं आणि तिथे कुणाला का बसवत हे सांगितलं नाही, तर परत काय आणलं?

आता आपल्याकडे. मुंबई उच्च न्यायालयाची फोर्टमधली इमारत नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाली. कर्नल फुलर यांचा आराखडा, गॉथिक शैली. तिथल्या मध्यवर्ती दालनात जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर, ज्युरी नऊ जणांची, त्यात सात युरोपीय. सात विरुद्ध दोन असा कौल आला, २२ जुलैला रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचे उद्गार शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केले. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तेच उद्गार कोरलेला फलक त्या दालनापाशी बसवला गेला. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्यानेच शिक्षा झालेल्याचे शब्द आपल्या भिंतीत बसवले. समनरच्या आधी एकावन्न वर्षं. हे मोठंच काम होतं.

तरी एक फरक नाकारता येत नाही. १९५६ मध्ये फलक लावणाऱ्यांना कुणाची नाराजी पत्करायची नव्हती. इंग्रज गेले होते, टिळक लोकमान्यच होते. चूक परक्यांची होती. ती कबूल करताना आपली मान ताठच राहत होती. समनरमध्ये ज्युरीतल्यांची मुलंनातवंडं त्याच गावात राहतात, त्याच किराणा दुकानात भेटतात.

त्या तोलाचं आपल्याकडे काय? मला चंद्रपूरचं सत्र न्यायालय आठवतं. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन म्हणाव्या अशा आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचं प्रकरण, जे त्या मुलीच्या नावावरून 'मथुरा खटला' म्हणून ओळखलं जातं. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं आणि मुलीला खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मग उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत आहे. पण कोर्टाच्या आवारात शिरणाऱ्या पक्षकाराला हे सांगणारी एक ओळ आपण दगडावर कोरू का? टिळकांचा फलक लावताना जो अभिमान वाटला तो इथे वाटणार नाही. म्हणूनच हा फलक लावणं टिळकांच्या फलकापेक्षा अवघड आहे.

बेअदबी होईल, असं कुणीतरी म्हणणारच. १९७१ चा न्यायालय अवमान कायदा निकाली निघालेल्या खटल्यावर रास्त टीकेला मोकळीक देतो. आणि कोर्टं स्वतः कागदावर चूक कबूल करतातच. आणीबाणीत जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो असं म्हणणारा १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुसला. पहिल्या पीठात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते आणि दुसऱ्या पीठात ती चूक नमूद करणारे त्यांचेच चिरंजीव. निकालपत्रात जे लिहिता येतं ते भिंतीवर लिहायला कायदा आडवा येत नाही. संकोच येतो.

समनरलाही तो पुरता सुटलेला नाही. नदीकाठी जिथून प्रेत काढलं असं मानतात, तिथली पाटी पुन्हा पुन्हा चोरीला गेली, गोळ्यांनी चाळण झाली. २०१९ मध्ये शेवटी गोळी न लागणाऱ्या पोलादाची, पाचशे पौंडांहून जड पाटी लावावी लागली. २५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या जन्मदिवशी, ती जागा, शिकागोतलं त्याच्या अंत्यविधीचं चर्च आणि समनरचं कोर्ट मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं.

आणि कोर्टाच्या हिरवळीवर १९१३ मध्ये बसवलेला एक दगडी सैनिक आहे, गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला. १९५५ च्या गर्दीतून मोझेस राइट जिना चढून वर गेले तेव्हा तो तिथे होता. दालनाची दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हाही तिथेच होता, खटल्याची हकीगत सांगणाऱ्या फलकापासून काही पावलांवर. तो हलवायचा की १९५५ मध्ये होता म्हणून ठेवायचा, यावर आमच्या बाररूममधला तो ज्युनियर काय म्हणाला असता, हे मला खरंच ऐकायला आवडेल.